बाळंतपणानंतर दुभंगलेलं पोट: ऑपरेशन करावं का, कोणतं, आणि गोव्यात कुठून सुरुवात करावी

पोट सुटणं वेगळं आणि पोट दुभंगणं वेगळं. ऑपरेशनचा सगळा विचार या फरकावर उभा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पोटावर छातीच्या हाडापासून खाली ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात. त्यांच्या मधोमध एक चिवट पांढरी पट्टी असते, तिला लिनिया अल्बा म्हणतात. गरोदरपणात हार्मोन्समुळे ही पट्टी मऊ पडते आणि वाढत्या गर्भाशयाच्या दाबाने रुंद होते. स्नायू फाटत नाहीत, फक्त एकमेकांपासून दूर जातात. डॉक्टरांच्या कागदावर याचं नाव डायस्टॅसिस रेक्टाय असं असतं. "सिझर झालं म्हणून पोट असं झालं" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, पण नॉर्मल डिलिव्हरीनंतरही हे होतं. सिझरमध्ये हे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात.

पायरी १: घरी तपासा, मग सोनोग्राफी

उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळवे जमिनीवर टेका. बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवा आणि डोकं व खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा घट्ट होतील. मधे किती बोटं मावतात आणि बोटं किती खोल जातात ते बघा. बेंबीवर आणि बेंबीच्या खालीही असंच बघा. डोकं उचलताना पोटाच्या मधोमध लांबट उंचवटा वर आला, तर तीही मोठी खूण आहे.

बोटं प्रत्येकीची वेगळी, म्हणून या मापावर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका. पोटाच्या भिंतीची सोनोग्राफी करून घ्या आणि अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून मागा. सोनोग्राफी करणाऱ्यांना आधीच सांगा की तुम्हाला दोन स्नायूंमधलं अंतर हवं आहे, बेंबीच्या वर, बेंबीवर आणि खाली. नाहीतर रिपोर्टात यकृत, मूत्रपिंड, गर्भाशय सगळं येतं आणि हवी ती ओळच नसते.

आकडा हातात आला की घाबरू नका. कधीच बाळंत न झालेल्या १५० स्त्रियांची सोनोग्राफी केली तेव्हा बेंबीच्या ३ सेंटिमीटर वर २२ मिलिमीटरपर्यंतचं अंतर सामान्य आढळलं होतं. म्हणजे दोन बोटं मावली की आजार, असं नाही. युरोपियन हर्निया सोसायटीची वर्गवारी २ सेंटिमीटरच्या पुढे सुरू होते: २ ते ३ सौम्य, ३ ते ५ मध्यम, ५ च्या वर मोठं.

याच सोनोग्राफीत हर्निया आहे का हेही विचारा. दुभंगलेल्या पोटात पट्टी रुंद असते, पण अखंड असते. त्यातून आतडं बाहेर येऊन अडकत नाही, जिवाला धोका नसतो. हर्निया म्हणजे त्या पट्टीला पडलेलं भोक. बेंबीत किंवा बेंबीच्या वर असं लहान भोक दुभंगलेल्या पोटासोबत बऱ्याचदा सापडतं. बेंबीतला फुगा अचानक कडक झाला, दुखू लागला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या तर ओपीडीची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा.

पायरी २: वेळ द्या, आणि तो वेळ वाया घालवू नका

नॉर्वेत पहिलटकरणींवर झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साधारण ६० टक्के बायकांचं पोट दुभंगलेलं होतं. वर्षभराने हाच आकडा ३३ टक्क्यांवर आला होता. ऑपरेशन न करताही पुष्कळ जणींचं पोट जुळून येतं, असा याचा सरळ अर्थ. म्हणून निदान सहा महिने फिजिओथेरपी आधी, आणि बहुतेक सर्जन बाळ एक वर्षाचं होईपर्यंत थांबायला सांगतात. तीन महिन्यांच्या बाळंतिणीला ऑपरेशनची तारीख देणाऱ्यांकडून दुसरीकडे जा, असं मी स्पष्ट सांगेन.

फिजिओकडे काय मागायचं? पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू (पेल्विक फ्लोअर), या दोघांना श्वासासोबत पुन्हा कामाला लावायचे व्यायाम. मोबाईलवर बघून सिट-अप्स सुरू करू नका. व्यायाम करताना मधला उंचवटा वर येत असेल तर तो व्यायाम सध्या तुमचा नाही.

आपल्याकडे बाळंतिणीला मालिश आणि शेक देतात, पोटाला घट्ट लुगडं बांधतात. बांधल्याने आधार वाटतो, उठता-बसता बरं वाटतं, म्हणून बेताने बांधायला हरकत नाही. पण त्याने मधली पट्टी जुळून येत नाही, आणि फार आवळलं तर सगळा दाब खाली ओटीपोटावर जातो. शिंकताना-खोकताना लघवी सुटत असेल तर आवळणं नकोच.

ऑपरेशनकडून काय मिळणार नाही तेही आत्ताच समजून घ्या. पोटाचा आकार आणि आधार सुधारतो, वाकताना-उचलताना पोटात जोर येतो, पुष्कळ जणींची कंबरदुखीही कमी होते. पण कंबर दुखते एवढ्याच कारणासाठी ऑपरेशन करायचं असेल तर थांबा, कारण कंबरदुखीला इतर अनेक कारणं असतात. लघवी सुटण्याचं दुखणंही पोट शिवून जाईल असं धरून चालू नका, त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

पुढे मूल हवं असेल तर ऑपरेशन पुढे ढकला. दूध पाजणं बंद होऊन काही महिने झालेले असावेत आणि वजन निदान सहा महिने एका ठिकाणी स्थिर असावं.

पायरी ३: तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा

कातडी सैल होऊन लोंबते का? अंतर किती सेंटिमीटर? हर्निया आहे का?

कोणतं ऑपरेशन तुमच्यासाठी आहे हे या तीन उत्तरांवर ठरतं. मैत्रिणीचं कोणतं झालं किंवा कुठल्या हॉस्पिटलात कोणतं यंत्र आलं, यावर नाही. ही गोष्ट मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण एकच पद्धत येणाऱ्या डॉक्टरला प्रत्येक पोट त्याच पद्धतीचं दिसण्याची शक्यता असते.

पायरी ४: ऑपरेशनचे प्रकार समजून घ्या

सगळ्यांचा गाभा एकच. ब्लाउज सैल झाला की शिंपी आतून टीप मारून घेतो, तसं सर्जन दोन्ही स्नायूंच्या कडा मधे ओढून रुंद झालेली पट्टी टाक्यांनी आत दुमडतो. याला प्लायकेशन म्हणतात. फरक आहे तो तिथपर्यंत कुठल्या वाटेने पोचायचं यात, आणि सोबत कातडी काढायची की आधाराला कृत्रिम जाळी (मेश) बसवायची यात.

कातडी बरीच लोंबत असेल तर टमी टक, म्हणजेच अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी. हे प्लास्टिक सर्जनचं काम. ओटीपोटावर, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. सिझरचा जुना व्रण असेल तर बहुधा तोही त्यात निघून जातो. कातडी वर बरगड्यांपर्यंत सोडवतात, मधली पट्टी वरपासून खालपर्यंत शिवतात, जादा कातडी कापतात आणि बेंबीसाठी नवी जागा करून तिथे ती बसवतात. सगळ्यात मोठा व्रण यात राहतो, पण कपड्यांच्या आत जातो. सगळ्यात मोठं दुखणंही यातच. पण कातडी हा त्रासाचा अर्धा भाग असेल तर दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने तो अर्धा भाग सुटत नाही. अंतर फक्त बेंबीच्या खाली असेल आणि कातडीही थोडीच असेल तर मिनी टमी टक होतं, मात्र बाळंतपणानंतर बेंबीच्या वरही अंतर असणाऱ्याच जास्त, त्यामुळे मिनी पुरेल अशा थोड्या.

टमी टक आणि बेंबीचा हर्निया एकाच वेळी करायचा असेल तर एक प्रश्न आवर्जून विचारा: बेंबीचा रक्तपुरवठा कसा राखणार? टमी टकमध्ये बेंबी भोवतालच्या कातडीपासून सुटी होते आणि खालच्या देठावर जगते. हर्नियासाठी तो देठही सोडवला तर बेंबी काळी पडण्याचा धोका असतो. चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही, कागदावर चित्र काढून दाखवतो.

कातडी घट्ट आहे, अंतर आहे आणि सोबत लहानसा हर्निया आहे, अशांसाठी दुर्बिणीतून कातडीखालून करायची पद्धत निघाली आहे. तिचं नाव स्कोला, काही ठिकाणी रेपा. ओटीपोटावर केसांच्या रेषेजवळ तीन लहान छेद असतात. कातडी आणि चरबीच्या खाली वायू भरून जागा करतात, वरपर्यंत पट्टी शिवतात, गरज असेल तर वरून जाळी पसरतात. पोटाच्या पोकळीत शिरावंच लागत नाही. व्रण जवळजवळ दिसत नाहीत. पण कातडी अजिबात काढली जात नाही, आणि सोडवलेल्या कातडीखाली पाणी साठणं, ज्याला सेरोमा म्हणतात, ही यातली सगळ्यात नेहमीची तक्रार. हे पाणी बहुतेकदा आपोआप जिरतं, कधी सुईने काढावं लागतं.

अंतर मोठं आणि हर्नियाही मोठा, किंवा पूर्वी केलेला हर्निया परत आलेला, तर हर्निया करणाऱ्या जनरल सर्जनकडे ई-टेप नावाची पद्धत असते. स्नायूंच्या मागच्या थरात दुर्बिणीने शिरून पट्टी शिवतात आणि तिथेच मोठी जाळी ठेवतात. जाळीचा आतड्यांशी संबंध येत नाही. पद्धत चांगली, पण शिकायला अवघड, म्हणून ती नेमाने करणाऱ्याकडूनच करून घ्यावी. दुसरी दुर्बिणीची पद्धत पोटाच्या पोकळीतून जाते. तिच्यात जाळी आतड्यांसमोर येते, म्हणून खास लेप असलेली महाग जाळी लागते. हर्निया नसताना नुसत्या दुभंगलेल्या पोटासाठी ही वाट मला पटत नाही.

रोबोट हे सर्जनच्या हातातलं अवजार आहे. त्याने ऑपरेशनचा प्रकार बदलत नाही, बिल बदलतं. आणि लिपोसक्शन चरबी काढतं, पट्टी घट्ट करत नाही. टमी टकसोबत ते करतात ते आकारासाठी.

जाळी घालायची की नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. हर्निया नाही आणि अंतर मध्यम आहे, तर नुसते टाके बहुधा पुरतात. स्वीडनमध्ये टाके आणि जाळी यांची तुलना करणारी चाचणी झाली, तिच्यात वर्षभरानंतर दोन्हींचा निकाल सारखाच होता. अंतर ५ सेंटिमीटरच्या पुढे असेल किंवा हर्निया असेल तर जाळीकडे कल जातो. जाळीचा फायदा म्हणजे ती आधार देते. तोटा असा की ती कायमची राहते, क्वचित दुखते, आणि जंतुसंसर्ग झाला तर काढणं कठीण जातं. "सगळ्यांनाच जाळी घालतो" किंवा "मी कधीच घालत नाही", या दोन्ही उत्तरांवर "का?" विचारा.

पायरी ५: गोव्यात कुठे जायचं

सरकारी वाट बांबोळीच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची. जनरल सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढा, सकाळी लवकर पोचा, सोनोग्राफी आणि बाळंतपणाचे कागद सोबत न्या. प्लास्टिक सर्जरीचा वेगळा विभाग आहे, गरज वाटली तर तिथे पाठवतात. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात आधी दाखवून तिथून चिठ्ठी घेऊन गेलात तरी चालतं. पेडणे-सत्तरीकडून येणाऱ्यांचा त्यात निदान पहिला हेलपाटा वाचतो. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून येणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवावं की गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत २०१८ पासून शुल्क भरावं लागतं.

हर्निया असेल तर सरकारी ठिकाणी काम पुढे सरकतं. नुसतं दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला कॅन्सर आणि अपघाताच्या रुग्णांच्या आधी नंबर लागेल अशी अपेक्षा ठेवू नये.

खासगी हॉस्पिटलात जाणार असाल तर दोघांना दाखवा, एक प्लास्टिक सर्जन आणि एक हर्निया करणारा जनरल सर्जन. दोघांचं म्हणणं जुळलं तर निश्चिंत. जुळलं नाही तर वर लिहिलेली तीन उत्तरं दोघांपुढे ठेवा. प्लास्टिक सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का बघा. नुसतं "कॉस्मेटिक सर्जन" लिहिलेल्या पाटीवर जाऊ नका. असली किती ऑपरेशनं केली, पाणी साठलं तर पुढे कोण बघणार, अंतर परत आलं तर काय, हे विचारायला लाजू नका. टमी टकनंतरचे फोटो दाखवतात, त्यात वर्षानंतरचे आहेत का तेही विचारा.

पायरी ६: पैशांचं आधी, भूल नंतर

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर काढून ठेवा. २०१६ पासूनची ही योजना गोव्यात किमान पाच वर्षं राहणाऱ्यांसाठी आहे. तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाखांपर्यंत. पण योजनेत ऑपरेशनांची ठरलेली यादी आहे. कार्ड आहे म्हणजे टमी टक बसलं, असं नव्हे. तुमच्या ऑपरेशनचं कागदावरचं नेमकं नाव घेऊन योजनेच्या काउंटरवर विचारा, आणि कार्डाचं नूतनीकरण झालेलं आहे ना तेही बघा.

खासगी विम्यात दिसण्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते, पॉलिसीत एक्स्क्लुजन ०८ या क्रमांकाखाली शोधा. वैद्यकीय गरज असेल तर अपवाद असतो, पण ती गरज डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. हर्नियाला बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचा, बऱ्याचदा दोन वर्षांचा, प्रतीक्षा काळ असतो. हर्निया खरोखर असेल तर तो रिपोर्टात स्वच्छ लिहिलेला हवा. नसताना लिहून घेणं म्हणजे पुढच्या सगळ्या क्लेमवर पाणी सोडणं. हर्नियासोबत टमी टक करणार असाल तर दोन्हींचा खर्च वेगळा मांडून घ्या, आणि कॅशलेसची मंजुरी ऑपरेशनच्या आधी लेखी मिळवा. जाळी, भूलतज्ज्ञ, पोटाला बांधायचा पट्टा आणि नंतरची ड्रेसिंगं पॅकेजात आहेत का, हा प्रश्न विसरू नका.

पायरी ७: तयारी

हिमोग्लोबिन तपासा. बाळंतपणानंतर ते कमी राहिलेल्या बायका पुष्कळ, आणि ते आधी वाढवलेलं बरं. साखर, रक्तदाब, थायरॉईड ताब्यात हवेत. घरात कोणाचीही सिगारेट असेल तर ती दूर, तुमची असेल तर निदान चार आठवडे आधी बंद, कारण तंबाखूने सोडवलेल्या कातडीचा रक्तपुरवठा बिघडतो आणि जखम काळी पडू शकते. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेत असाल तर सर्जनला सांगा. रक्ताच्या गुठळ्यांच्या भीतीने त्या आधी बंद करायला सांगतात, मग तेवढे दिवस दुसरी सोय करावी लागते.

तारीख ठरवताना पंचांगही बघा. चवथीच्या आधीचे दोन महिने घेऊ नका. घर झाडणं, माटोळी बांधणं, नेवऱ्यांचे घाणे, यातलं काही तुम्हाला जमणार नाही आणि घरात बसून बघवणारही नाही. एप्रिल-मेच्या घामात चोवीस तास पट्टा घालणं म्हणजे पुरळाला आमंत्रण. डिसेंबर-जानेवारी बरे. आणि ऑपरेशनच्या आधीच सहा आठवड्यांसाठी बाळाला उचलणारं माणूस ठरवा, आई, सासू, नणंद, जे कोणी असेल ते. ज्यांच्या घरी असं माणूस नाही त्यांनी मूल स्वतः चढू-उतरू लागेपर्यंत थांबणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. रडणाऱ्या बाळाला न उचलणं कुठल्याही आईला जमत नाही.

पायरी ८: ऑपरेशननंतर

हॉस्पिटलात साधारण एक ते तीन दिवस. टमी टक असेल तर कातडीखालचं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या लावलेल्या असतात. दिवसाला पाणी साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आलं की काढतात. घरी नळी घेऊन आलात तर रोज ठरावीक वेळी मोजून वहीत लिहा. पहिले काही दिवस कमरेत वाकून चालावं लागतं, ताठ व्हायची घाई करू नका. पण चाला मात्र पहिल्या दिवसापासून, कारण टमी टकनंतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते आणि चालणं हा त्यावरचा पहिला उपाय. एक पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर रात्र असो की पहाट, लगेच निघा. ताप, लाल झालेली जखम, अचानक फुगलेलं पोट यासाठी त्याच दिवशी सर्जनला फोन.

उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा. खोकताना, हसताना पोटावर उशी दाबून धरा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या, कारण कुंथण्याचा जोर थेट टाक्यांवर येतो. पट्टा चार ते सहा आठवडे, आत पातळ सुती बनियन घालून.

पाच किलोच्या वरचं काही सहा आठवडे उचलायचं नाही. पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, बाळ, सगळं यात आलं. जमिनीवर बसून विळीवर नारळ खवणंही तेवढे दिवस दुसऱ्याकडे. दुचाकी सर्जन हो म्हणेपर्यंत नको. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक लक्षात घेता मी महिन्याच्या आत बसणार नाही, मागच्या सीटवरसुद्धा. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा फिजिओ, त्याच जुन्या श्वासाच्या व्यायामापासून. जड व्यायाम तीन महिन्यांनंतर. बेंबीखालची बधिरता काही महिने राहते आणि हळूहळू कमी होते, कातडीचा एखादा भाग कायम बधिर राहूही शकतो.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशनची टिपणी मागून घ्या: कोणती पद्धत, टाके विरघळणारे की कायमचे, जाळी असेल तर कसली आणि कुठल्या थरात. हा कागद बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासारखा जपा. पुढे ठरवलेलं नसताना दिवस गेलेच तर गर्भाला सहसा त्याने धोका नसतो, पट्टी पुन्हा ताणली जाऊ शकते एवढंच. पण ही टिपणी पहिल्याच भेटीत प्रसूतितज्ज्ञांना दाखवा, कारण सिझर करायची वेळ आली तर कुठल्या थरातून आत शिरायचं हे त्यांना त्यावरून कळेल.